काम परराज्यात, मृत्यू कामावर. भरपाईचा दावा मात्र आपल्या जिल्ह्यातही करता येतो

बेळगाव : कामावर असताना जीव गमावलेल्या कामगारांच्या स्मरणासाठी 28 एप्रिल हा दिवस जगातल्या अनेक देशांत पाळला जातो. सुरुवात कॅनडातली. तिथल्या सार्वजनिक सेवेतील कर्मचाऱ्यांच्या संघटनेने 1984 मध्ये ही कल्पना मांडली. ओंटारिओ प्रांतात कामगार भरपाईचा कायदा 28 एप्रिल 1914 रोजी संमत झाला होता, म्हणून ही तारीख. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना 2003 पासून हाच दिवस कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा दिवस म्हणून पाळते. आपल्याकडे 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. कारखान्यांत शपथ होते, फलक लागतात, घोषवाक्य स्पर्धेची बक्षिसं वाटली जातात. पण मेलेल्यांचं नाव त्या दिवशी सहसा कोणी घेत नाही.

सीमाभागाला स्मरणाची सवय नाही असं कोणी म्हणणार नाही. 17 जानेवारीला हुतात्मा चौकात न चुकता माणसं जमतात. कामावर गेलेल्यांच्या वाट्याला मात्र बातमीच्या चार ओळी येतात : स्लॅबवरून पडून तरुणाचा मृत्यू, टाकीत गुदमरून दोघे ठार, विजेच्या धक्क्याने लाईनमन मृत. 2024 च्या ऑगस्टमध्ये बेळगाव तालुक्यातल्या नावगे येथे टेप तयार करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि एक तरुण कामगार लिफ्टमध्ये अडकून जळाला, तेव्हा काही दिवस चर्चा झाली. एरवी चौथ्या दिवशी विषय संपतो. घरच्यांसाठी तो तिथे सुरू होतो.

आणि या भागात तो जरा जास्त गुंतागुंतीचा असतो. चंदगडचा मुलगा बेळगावच्या उद्यमबागेत कामाला, खानापूरचा गवंडी गोव्यात, बीडकडची ऊसतोड टोळी कर्नाटकातल्या साखर कारखान्याच्या फडात. गाव एका राज्यात, ठेकेदार दुसऱ्या, कामाची जागा तिसऱ्या राज्यात, असंही होतं. माणूस गेल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो की दाद मागायची कुठे. ‘तिकडच्या कोर्टात खेपा कोण घालणार’ म्हणून हातात मिळेल ते घेऊन घरी परतणारी कुटुंबं थोडी नाहीत.

कायद्यात याचं उत्तर आहे, आणि ते आजचं नाही. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात 1995 साली दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनंतर दावा तीन ठिकाणी करता येतो : अपघात जिथे झाला तिथे, मालकाचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथे, किंवा मृताचे वारस नेहमी जिथे राहतात तिथे. म्हणजे गोव्यात पडून गेलेल्या खानापूरच्या कामगाराच्या पत्नीला गोव्यात खेपा घालण्याचं बंधन नाही. अपघात जिथे झाला तिथल्या अधिकाऱ्याला नोटीस पाठवण्याचं काम दावा ऐकणारा अधिकारी करतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात गेला, पण दावा कुठे करायचा याची ही सोय तशीच राहिली. अपघात त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुना कायदा धरायचा.

दावा ऐकणारा अधिकारी प्रत्येक राज्यात एकाच कचेरीत बसत नाही, एवढी अडचण खरी आहे. कर्नाटकात हे काम वरिष्ठ दिवाणी न्यायाधीशांकडे दिलेलं आहे, महाराष्ट्रात कामगार न्यायालयाकडे. नव्या संहितेत त्याला ‘सक्षम प्राधिकारी’ म्हटलंय. कचेरी कुठली हे शोधत बसण्यापेक्षा जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जावं. तिथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. टोल फ्री क्रमांक 15100.

लोखंडेंची मागणी आणि 39 वर्षं

भरपाई ही मालकाची मेहेरबानी नाही, हे मराठी माणसाने तरी वेगळं शिकायची गरज पडू नये. 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. त्यातल्या आठवड्याच्या सुट्टीची आठवण आजही काढली जाते. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती : कामावर गंभीर जखम झाली तर कामगार बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्या, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा. त्या काळात गिरणीच्या पट्ट्यात हात गेला की माणूस घरी आणि पगार बंद, हा रिवाज होता. सुट्टी 1890 मध्ये मिळाली. भरपाईचा कायदा व्हायला 1923 उजाडलं.

त्या कायद्याचं मूळ तत्त्व साधं आहे. काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, एवढं दाखवलं की मालकाची जबाबदारी लागते. मालकाची चूक सिद्ध करत बसावं लागत नाही. यातली एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. ‘त्याने हेल्मेट घातलं नव्हतं’, ‘दारू पिऊन आला होता’, ‘सांगितलेलं ऐकलं नाही’ ही कारणं देऊन मालक जखमी कामगाराची भरपाई नाकारू शकतो. मृत्यू झाला असेल तर यातलं एकही कारण चालत नाही. हॉस्पिटलच्या आवारात सुपरवायझर नेमकं हेच पहिल्यांदा ऐकवतो, आणि आधीच हादरलेला बाप मान खाली घालून ऐकून घेतो.

‘तो आमचा माणूस नव्हता, ठेकेदाराचा होता’ हे दुसरं वाक्य. तेही टिकत नाही. ज्याच्या धंद्याचं काम चाललं होतं, तो मूळ मालक भरपाईला जबाबदार असतो. त्याने पैसे द्यायचे आणि मग ठेकेदाराकडून काय वसूल करायचं ते करायचं. पळालेला ठेकेदार शोधण्याचं काम विधवेचं नाही.

हिशेब

आता आकडे. मृत्यूसाठी भरपाई म्हणजे मासिक पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. हा गुणांक कायद्याच्या परिशिष्टात दिलेला आहे. 20 व्या वर्षी तो 224, 30 व्या वर्षी 207.98, 40 व्या वर्षी 184.17, 50 व्या वर्षी 153.09. पगार कितीही असला तरी हिशेबासाठी महिन्याला जास्तीत जास्त 15,000 रुपये धरले जातात. ही मर्यादा 3 जानेवारी 2020 पासूनची, त्याआधी ती 8,000 होती.

समजा, चंदगड तालुक्यातला तीस वर्षांचा सेंट्रिंग कामगार, पगार 18,000. हिशेबात 15,000 धरायचे, त्याचे निम्मे 7,500. गुणिले 207.98. भरपाई 15,59,850 रुपये. चाळिशीचा असेल तर 13,81,275. पन्नाशीचा असला तरी 11,48,175. दवाखान्याच्या दारात लाख-दोन लाखांचं पाकीट पुढे येतं तेव्हा हे आकडे कोणाच्या डोळ्यासमोर नसतात.

ते पाकीट घेतलं तर काय होतं, हा खरा मुद्दा. मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर वारसांच्या हातात द्यायचीच नसते, ती अधिकाऱ्याकडे जमा करायची असते. परस्पर दिलेली रक्कम कायदा भरपाई म्हणून धरत नाही. फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल त्यातून वजा होते. ‘यापुढे काही मागणी नाही’ असं स्टँप पेपरवर लिहून घेतलं असेल तर तो करारही भरपाईच्या हक्कापुरता रद्दबातल ठरतो. सही केली म्हणून सगळं संपलं, असं समजून दोन वर्षं गप्प बसणं मात्र महागात पडतं, कारण दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये.

मालकाने एका महिन्यात रक्कम भरली नाही तर त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. वरच्या उदाहरणात व्याज महिन्याला साडेपंधरा हजारांच्या वर जातं. म्हणजे गेलेल्या माणसाचा जेवढा पगार कायदा धरतो, त्यापेक्षा थोडं जास्तच. खटला लांबवून दमवायचा हिशेब करणाऱ्या मालकाने हा आकडा कॅल्क्युलेटरवर एकदा बघावा.

कामगार ईएसआयखाली असेल तर हा रस्ता बंद होतो आणि दुसरा उघडतो. महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू आहे. कामावर मृत्यू झाला तर सरासरी पगाराच्या 90 टक्के रक्कम दरमहा वारसांना मिळते, पत्नी आणि मुलांत वाटून. पत्नीला ती हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत मिळते. 18,000 पगारावर ही रक्कम साधारण सोळा हजारांच्या घरात जाते, तरुण विधवेसाठी ती एकरकमी भरपाईपेक्षा मोठी ठरू शकते. ईएसआय आणि भरपाई दोन्ही एकदम मिळत नाहीत. मालकाने नाव नोंदवलंच नव्हतं असं अपघातानंतर उघड झालं, तरी कुटुंबाचा हक्क जात नाही. महामंडळ लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं.

वाहनाचा अपघात असेल, उदाहरणार्थ ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर किंवा कंपनीची गाडी, तर वारसांना मोटार अपघात न्यायाधिकरणात जायचं की कामगार भरपाई मागायची, यातलं एक निवडावं लागतं. कोणता पर्याय फायद्याचा हे वकिलाला विचारूनच ठरवावं. नव्या संहितेत घरून कामावर जाताना किंवा कामावरून परतताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचा धरला जातो. पहाटे टेंपोत दाटीवाटीने बसून साईटवर जाणाऱ्यांसाठी ही तरतूद मोठी आहे.

धूळ सीमा ओळखत नाही

सगळे मृत्यू एका क्षणात होत नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात वर्षाला सुमारे 29 लाख लोक कामामुळे मरतात. त्यात अपघाताने मरणारे सव्वातीन लाखांच्या आसपास. बाकीचे कामाने दिलेल्या रोगांनी जातात, बहुतेक घरीच, गावी परतल्यावर.

इंदूरकडच्या वाचकांना झाबुआ आणि अलिराजपूरची गोष्ट ठाऊक असेल. तिथले आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा परिसरातल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जायचे. दगडाचं पीठ हवेत तरंगत असायचं, तेच श्वासातून आत जायचं. काही महिन्यांत दम लागायला सुरुवात, मग गावी परत, मग टीबी समजून उपचार. तो टीबी नव्हता, सिलिकोसिस होता. या रोगात फुप्फुसात धुळीचे व्रण होतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. माणसं मध्य प्रदेशात मेली, कारखाने गुजरातेत राहिले. प्रकरण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 2016 च्या मे महिन्यात न्यायालयाने गुजरात सरकारला 238 मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. दहा वर्षं लागली. भरपाईच्या सूत्राने हिशेब केला तर 3 लाख ही रक्कम किती तोकडी आहे ते वरच्या आकड्यांवरून कळेल, पण राज्याची हद्द ओलांडून जबाबदारी पोहोचली, हे या प्रकरणाचं महत्त्व.

हाच रोग फाउंड्रीतल्या वाळूतून, खडीच्या क्रशरवर आणि दगडखाणीतही होतो. बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही गावांचं पोट ओतकामावर चालतं. सिलिकोसिस कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य रोग आहे, त्याची भरपाई अपघातासारखीच मागता येते. डॉक्टरांना ‘काम काय करत होता’ हे सांगितलं नाही तर कागदावर टीबी किंवा दमा एवढंच येतं आणि पुढची वाट तिथेच बुजते.

परराज्यातल्या मृत्यूंची यादी काढायची तर लांब जायला नको. 1 एप्रिल 2025 रोजी गुजरातमधल्या डीसा इथे फटाक्यांच्या गोदामात स्फोट होऊन 21 जण गेले, त्यातले बहुसंख्य मध्य प्रदेशातल्या हरदा आणि देवास जिल्ह्यांचे. 30 जून 2025 ला हैदराबादजवळच्या पाशमैलारममध्ये औषध कारखान्यात चाळीसहून जास्त कामगारांचा जीव गेला, त्यात कितीतरी परराज्यातले होते. डोंबिवली एमआयडीसीने 2016 च्या मे महिन्यात स्फोट पाहिला आणि आठ वर्षांनी पुन्हा मे महिन्यातच दुसरा.

टाकीत उतरलेला दुसरा माणूस

मोठे स्फोट बातमीत राहतात. एकट्या-दुकट्या मृत्यूंचं तसं होत नाही, आणि त्यांची कारणं वर्षानुवर्षं तीच आहेत. सेप्टिक टँक, विहीर, मळीची टाकी यांत साठणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसून राहतो. कमी असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं, त्यामुळे उतरलेल्याला वाटतं की आता ठीक आहे. तो कोसळतो. वर उभा असलेला भाऊ किंवा सोबती त्याला काढायला उतरतो आणि तोही तिथेच राहतो. अशा बातम्यांत मृतांचा आकडा दोन किंवा तीन असतो तो याच कारणाने. काडी पेटवून किंवा दिवा सोडून बघण्याची जुनी रीत इथे उपयोगाची नाही, उलट ज्वलनशील वायू असेल तर भडका उडतो. झाकण उघडून ब्लोअरने हवा खेळवणं, गॅस मीटरने मोजणं, कमरेला दोर आणि वर तो धरणारा माणूस, एवढं नसेल तर उतरायचं नाही. मलटाकीत माणूस उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गटार किंवा मलटाकीत मृत्यू झाल्यास 30 लाख रुपये भरपाई ठरवली आहे.

फाउंड्रीत धोका पाण्याचा. भट्टीत टाकायचं स्क्रॅप ओलं असलं, पोकळ पाइपात पाणी अडकलेलं असलं, साचा नीट वाळलेला नसला, की वितळलेल्या लोखंडाखाली गेलेल्या त्या पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची दीड हजार लिटरहून जास्त वाफ होते. तिला जायला जागा नसते, मग धातूच वर उडतो. पावसाळ्यात स्क्रॅप उघड्यावर पडलेलं असेल तर अपघाताची तयारी आदल्या दिवशीच झालेली असते. छपराखाली साठवलेलं, तापवून कोरडं केलेलं स्क्रॅप एवढाच त्यावर उपाय, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत.

बांधकामावर परांचीला कठडा नाही, सेफ्टी बेल्ट आहे पण तो अडकवायला हुकाची जागा नाही, हे चित्र कुठल्याही साईटवर दिसतं. अपघातानंतर ‘बेल्ट दिला होता’ असा जबाब येतो.

एक बाब काळजीची आहे. जुन्या कारखाने कायद्यात वीज वापरणारं 10 कामगारांचं युनिट कारखाना ठरत होतं. व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही संख्या 20 झाली. उद्यमबागेत आणि गोकुळ शिरगावसारख्या वसाहतींत पंधरा-अठरा माणसांची वर्कशॉप ढिगाने आहेत. ती आता कारखान्याच्या व्याख्येबाहेर जातात. भरपाईला मात्र ही संख्या लागू नाही. यंत्रावर चालणाऱ्या लहान वर्कशॉपच्या मालकालाही ती द्यावीच लागते, आणि विमा काढलेला नसेल तर पंधरा लाखांचा दावा त्याला स्वतःलाच बुडवू शकतो. लहान मालकांनी हे आपल्या सीएला विचारून घ्यावं. वर्षाचा विमा हप्ता त्या मानाने किरकोळ असतो.

अपघात झालाच तर पोलिसांत नोंद आणि शवविच्छेदन टाळू नये. ‘घरी पडला’ असं लिहून घेण्याचा दबाव येतो, त्याला बळी पडलं की दाव्याचा पायाच जातो. पंचनाम्यात कामाची जागा, यंत्र, त्या वेळचं काम यांचा उल्लेख हवा. पगाराचा पुरावा म्हणून स्लिप नसेल तर यूपीआयचे मेसेज, ठेकेदाराच्या वहीतली उचल, गेट पास, सुपरवायझरचा ‘उद्या लवकर या’ असा व्हॉट्सॲप मेसेज, सगळं उपयोगी पडतं. मृताचा मोबाइल पोलिसांकडून परत मिळाला की तो रिसेट करून धाकट्या भावाला देण्याआधी हे सगळं जपून ठेवावं. सोबत्यांचे जबाब लवकर नोंदले गेले पाहिजेत, कारण ते महिन्याभरात दुसऱ्या साईटवर, कदाचित दुसऱ्या राज्यात गेलेले असतात.

आणि जो परवा गोव्याला किंवा पुण्याला कामाला निघणार आहे, त्याच्या घरी एक कागद असावा : ठेकेदाराचं पूर्ण नाव आणि फोन, साईटचा पत्ता, मूळ मालकाचं किंवा बिल्डरचं नाव, असेल तर ईएसआय क्रमांक. साईटवर पोहोचल्यावर कंपनीच्या बोर्डाचा फोटो काढून घरच्या फोनवर पाठवला तरी चालतो.